घराच्या राखणीसाठी कुत्रा : वेलिंग्टनमध्ये निवड करण्यापूर्वी

संध्याकाळी कामावरून परतावे आणि मागचे दार फोडलेले दिसावे, कपाटे उपसलेली असावीत, आईने लग्नात दिलेल्या पाटल्या नाहीशा झालेल्या असाव्यात. असा प्रसंग ज्या घरावर ओढवतो, तेथे दोन-चार दिवसांतच एक वाक्य हमखास ऐकू येते : “आता एक चांगला मोठा कुत्राच आणू या.” ही इच्छा स्वाभाविक आहे. गावाकडच्या ओसरीवर पडून राहणारा आणि अनोळखी पाऊल वाजताच उठून बसणारा कुत्रा आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असतो. मात्र त्या घरात दिवसभर माणसे असत, शेजार जागा असे आणि कुत्र्याच्या वर्तनाचा जाब मालकाला फारसा कोणी विचारत नसे. न्यूझीलंडच्या राजधानीत या तिन्ही गोष्टी बदललेल्या आहेत.

म्हणून या लेखाचा निष्कर्ष आरंभीच नोंदवतो. घरफोड्याला परतवण्यासाठी वेळेवर भुंकणारा, एरवी माणसांत रमणारा कुत्रा पुरेसा असतो. अंगावर धावून जाणारा कुत्रा चोरापेक्षा पाहुण्यांना, शेजारच्या मुलांना आणि अखेरीस मालकालाच अधिक महाग पडण्याची शक्यता असते.

इशारा आणि हल्ला : दोन वेगळे गुण

‘राखणीचा कुत्रा’ या एकाच शब्दप्रयोगात आपण दोन भिन्न गुण एकत्र करतो. अनोळखी हालचालीची वर्दी देणे हा पहिला, तर आपल्या हद्दीत शिरलेल्याला प्रतिकार करणे हा दुसरा. अमेरिकेतील संशोधक बेंजामिन हार्ट आणि लिनेट हार्ट यांनी १९८० च्या दशकात कुत्र्यांच्या जातींची तुलना १३ स्वभावगुणांच्या आधारे केली, तेव्हा त्यांनीही इशाऱ्याचे भुंकणे आणि हद्दीचे रक्षण हे दोन स्वतंत्र गुण मानले होते.

घरफोड्याच्या दृष्टीने पाहिले तर पहिल्या गुणाचे महत्त्व ध्यानात येते. कोणाच्या नजरेस न पडता, आवाज न होता, थोड्या वेळात काम उरकणे ही त्याची गरज असते. पॉल क्रॉमवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेक्सासमधील प्रत्यक्ष घरफोड्यांशी बोलून केलेला अभ्यास १९९१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. घरात कुत्रा असणे हे ते घर टाळण्याचे एक ठळक कारण असल्याचे त्यातून दिसले. मोठ्या कुत्र्याची भीती शारीरिक इजेची होती. लहान कुत्र्याची भीती मात्र त्याच्या कलकलाटाने लोकांचे लक्ष वेधले जाण्याची होती. थोडक्यात, वीतभर उंचीचा टेरिअरही आपले काम चोख बजावू शकतो.

दुसरा गुण सुरक्षितपणे वापरणे हे व्यावसायिकांचे काम आहे. न्यूझीलंड पोलिसांचे श्वानपथक १९५६ मध्ये सुरू झाले आणि त्याचे प्रशिक्षण केंद्र वेलिंग्टनजवळच, अपर हटमधील ट्रेंटम येथे आहे. आज्ञेवर पकडणारा आणि आज्ञेवर सोडणारा पोलीस कुत्रा एकाच अधिकाऱ्यासोबत राहतो, त्याच्यासोबत काम करतो आणि त्याचा सराव कधीच थांबत नाही. आठवड्याचे पाच दिवस कार्यालयात असणाऱ्या कुटुंबाने ‘संरक्षक’ म्हणून विकला जाणारा कुत्रा घ्यायचा, तर एवढी शिस्त आपल्याला झेपेल का, हा प्रश्न प्रथम स्वतःला विचारावा.

कायद्यानुसार मालकाची जबाबदारी

१९९६ चा श्वान नियंत्रण कायदा या विषयाचा पाया आहे. पिल्लू तीन महिन्यांचे होईपर्यंत त्याची कौन्सिलकडे नोंदणी व्हावी लागते. नोंदणीचे वर्ष १ जुलैला सुरू होते. नोंदणी न केल्यास ३०० डॉलरचा दंड जागेवरच होऊ शकतो. मेंढपाळीसारख्या कामाचे कुत्रे वगळता मायक्रोचिपही बंधनकारक आहे. आपल्या आवारातसुद्धा कुत्रा कोणाच्या तरी थेट नियंत्रणात असावा किंवा त्याला आपल्या मनाने बाहेर पडता येणार नाही असा बंदोबस्त असावा, हे मालकाचे कर्तव्य आहे.

कुत्र्याने माणसावर हल्ला केल्यास मालकाला ३,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो आणि परिस्थिती खरोखरच अपवादात्मक नसेल तर त्या कुत्र्याला मारून टाकण्याचा आदेश न्यायालयाला द्यावा लागतो. गंभीर इजा झाली असेल तर शिक्षा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची किंवा २०,००० डॉलरपर्यंतच्या दंडाची असते. ‘कुत्र्यापासून सावध’ अशी पाटी फाटकावर लावल्याने ही जबाबदारी आपोआप संपत नाही. दारात येणारा प्रत्येक अनोळखी माणूस चोर नसतो. तो कुरिअरवाला असतो, वीजमीटर वाचणारा असतो किंवा चेंडू शोधत आलेला शेजारचा मुलगा असतो.

कौन्सिलने एखाद्या कुत्र्याला ‘धोकादायक’ ठरवले, तर त्याचे निर्बीजीकरण करावे लागते, बाहेर नेताना तोंडाला मुसके आणि गळ्यात पट्टा सक्तीचा होतो, तसेच घराच्या किमान एका दारापर्यंत कुत्र्याच्या आवारात न शिरता पोहोचता येईल असे कुंपण उभारावे लागते. ब्राझिलियन फिला, डोगो अर्जेंटिनो, जपानी टोसा आणि पेरो दे प्रेसा कनारिओ या जाती व अमेरिकन पिट बुल टेरिअर या प्रकारचे कुत्रे देशात आणण्यास बंदी आहे. देशात आधीपासून असलेल्या अशा कुत्र्यांना ‘धाक वाटणारे’ या वर्गात टाकले जाते आणि त्यांनाही सार्वजनिक ठिकाणी मुसके लागते. संकरित पिल्लू स्वस्तात मिळत असेल तर त्याचे आई-बाप कोणत्या प्रकारचे आहेत, हे विचारल्यावाचून पुढे जाऊ नये.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी नियम अलीकडेच बदलले आहेत. १ डिसेंबर २०२५ पासून घरमालक पाळीव प्राण्यासाठी दोन आठवड्यांच्या भाड्याइतकी वेगळी अनामत घेऊ शकतो. मात्र रास्त कारणाखेरीज त्याला परवानगी नाकारता येत नाही. सर्वसाधारण झिजेपलीकडचे प्राण्याने केलेले नुकसान भाडेकरूनेच भरून द्यावयाचे असते.

टेकडी, वारा आणि रात्र

वेलिंग्टनची घरे कुत्र्याच्या निवडीवर स्वतःच्या अटी घालतात. पश्चिम घाटातील आपल्या खंडाळ्यावरून ज्याचे नाव पडल्याचे सांगतात, त्या खंडाला उपनगरात किंवा न्यूलँड्स, करोरीसारख्या भागांत पुष्कळ घरे उतारावर आहेत. रस्त्यापासून पायऱ्या चढून दारापर्यंत जावे लागते, मागे झाडी असते, ड्राइव्हवे दोन-तीन घरांत सामाईक असतो. संपूर्ण बंदिस्त अंगण कित्येकांकडे नसतेच. कुत्र्याच्या किमतीआधी कुंपणाच्या खर्चाचा अंदाज घ्यावा तो यासाठी.

दुसरी अट वाऱ्याची. उत्तरेचा वारा सुटला की फाटक खडखडते, कचऱ्याचे डबे आडवे होतात, पत्रे वाजतात. प्रत्येक आवाजाला प्रतिसाद देणारा कुत्रा येथे रात्रभर भुंकत राहील. शेजाऱ्यांच्या तक्रारीत तथ्य आढळल्यास कौन्सिल मालकाला उपद्रव थांबवण्याची नोटीस देऊ शकते. शिवाय ऊठसूट भुंकणाऱ्या कुत्र्याकडे शेजारी लक्ष देईनासे होतात आणि ज्या रात्री खरोखर कोणी आलेले असते त्या रात्रीही कोणी खिडकी उघडत नाही. म्हणून इशारा देणारा, पण मालकाने शब्द टाकताच शांत होणारा कुत्रा हवा. ही सवय शिकवून लागते.

तिसरी अट रात्रीची आहे. शंभराहून अधिक वर्षांच्या खंडानंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये माकारा परिसरातील टेकड्यांवर किवी पक्षी पुन्हा सोडण्यात आले. दक्षिण किनाऱ्यावर छोट्या निळ्या पेंग्विनची घरटी आहेत. मोकळ्या सुटलेल्या एका कुत्र्याला असा पक्षी मारण्यास क्षणभर पुरतो. राखणीचा कुत्रा रात्री घरातच झोपावा. घरातून येणारा भुंकण्याचा आवाज चोरालाही अधिक अडचणीचा वाटतो, कारण कुत्रा केवढा आहे आणि त्याच्यासोबत कोण आहे, हे त्याला कळत नाही.

कोणती जात, कोणाच्या घरी

जर्मन शेफर्ड, रॉटवायलर आणि डोबरमन ही नावे प्रथम सुचतात. तिन्ही जाती बुद्धिमान आणि निष्ठावान आहेत. परंतु त्यांना रोजचा भरपूर व्यायाम, सातत्यपूर्ण प्रशिक्षण आणि अनुभवी मालक लागतो. शेफर्डमध्ये कमरेच्या सांध्याचे, डोबरमनमध्ये हृदयाचे विकार आनुवंशिक असू शकतात. पिल्लाच्या आई-बापांच्या तपासणीचे कागद मागून घ्यावेत. पहिलाच कुत्रा पाळणाऱ्या कुटुंबाने या जातींपासून सुरुवात न केलेली बरी.

हंटअवे ही न्यूझीलंडची स्वतःची जात. काही मेंढपाळी कुत्रे नजरेने कळप वळवतात, हा मात्र मुख्यतः आपल्या खणखणीत आवाजाने मेंढ्या हाकतो. वेलिंग्टनहून उत्तरेकडे जाताना हंटरव्हिल गावात त्याचा पुतळा दिसतो. स्वभावाने हा बहुधा मनमिळाऊ असतो, पण डोंगरावर दिवसभर धावण्यासाठी घडलेला आहे. सायंकाळच्या पंधरा मिनिटांच्या फेरीवर त्याला ठेवले, तर त्याचा आवाजच घराची डोकेदुखी बनेल. धावण्याची, डोंगर चढण्याची आवड असलेल्या घरात मात्र तो शोभून दिसतो.

लॅब्राडॉर अनोळखी माणसाचेही स्वागत करील, तरीही दारावरची चाहूल लागताच पुष्कळ लॅब्राडॉर भुंकतात आणि त्यांचा आवाज भारदस्त असतो. मुले आणि पाहुणे यांची वर्दळ असलेल्या घराला हा मध्यममार्ग मानवतो. लहान घर आणि लहान अंगण असेल तर मिनिएचर श्नाउझर, फॉक्स टेरिअर किंवा जॅक रसेल यांचे कान तीक्ष्ण असतात; टेरिअर मंडळी चपळ आणि हट्टी असतात, एवढे ध्यानात ठेवावे.

जातीपेक्षा प्रत्यक्ष कुत्रा महत्त्वाचा. सुमारे ३ ते १४ आठवड्यांच्या वयात पिल्लाला जी माणसे, आवाज आणि जागा परिचित होतात, त्यांवर त्याचा पुढचा आत्मविश्वास अवलंबून असतो. ‘राखणीसाठी’ म्हणून त्याला लोकांपासून दूर ठेवणे ही मोठी चूक आहे. त्यातून भेदरलेला कुत्रा तयार होतो आणि भेदरलेला कुत्राच चावतो. प्रौढ कुत्रा घेण्याचा विचारही जरूर करावा. न्यूटाउनजवळ अलेक्झांड्रा रोडवर एसपीसीएचे केंद्र आहे, तर अपर हटच्या काइटोके भागात ‘हूहा’ ही संस्था आहे. प्रौढ कुत्र्याचा स्वभाव, तो किती भुंकतो आणि मुलांशी कसा वागतो, हे तेथील लोक सांगू शकतात. संपूर्ण कुटुंबाने दोन-तीनदा जाऊन त्याला भेटावे.

आपल्या घराची दिनचर्या

मराठी घरांपुढे काही प्रश्न खास असतात. गणपतीत दीड दिवसात चाळीस माणसे येऊन जातात. परक्यांवर गुरगुरणाऱ्या कुत्र्याला तेव्हा कोठे ठेवणार? पुण्याहून किंवा कोल्हापुराहून आई-वडील सहा महिन्यांसाठी येतात, त्यांना घरात कुत्रा वावरण्याची सवय नसते. दिवसभर त्याच्यासोबत तेच असणार, हे लक्षात घेऊन त्यांचे मत आधीच विचारावे.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न भारतवारीचा. डिसेंबर-जानेवारीत घर चार-पाच आठवडे बंद राहते, तेव्हा कुत्रा श्वानगृहात असतो. म्हणजे घर सर्वाधिक काळ रिकामे असते नेमक्या त्याच दिवसांत राखणदार घरी नसतो. त्या काळासाठी कुत्र्यासह घरात येऊन राहणारी विश्वासू व्यक्ती शोधणे हा उत्तम उपाय आहे. रोज नऊ तास एकटा राहणारा कुत्राही कंटाळून भुंकतो, दारे कुरतडतो. दुपारी त्याला फिरवून आणणाऱ्याची सोय आणि त्याचा खर्च हिशेबात धरावा.

कुत्र्याआधी करण्याची कामे साधीच आहेत : खिडक्या-दारांना मजबूत कुलपे, हालचालीवर लागणारे दिवे, शेजाऱ्यांशी ओळख, टपाल साचू न देणे. सोने घरात न ठेवता तिजोरीची सेवा घ्यावी आणि विमापत्रात दागिन्यांची स्वतंत्र नोंद आहे का, हे तपासावे. चोर घरात असल्याची शंका आली तर १११ वर फोन करावा. चोरी होऊन गेल्यावर कळली तर १०५ वर.

एवढे सगळे करूनही कुत्रा हवासा वाटला, तर तो आणण्याची ही योग्य वेळ समजावी. दहा-पंधरा वर्षे तो आपल्या घरात राहणार आहे. त्या काळात चोर कदाचित एकदाही येणार नाही, पण कुत्र्याला सकाळी फिरवून आणण्याचे काम मात्र रोजचे असेल, दक्षिणेचा गारठा असो वा पाऊस. चोर आला नाही तरी जो घरात हवाहवासा वाटेल, असाच कुत्रा निवडावा.