निजेची गोळी

मुरबाडकडच्या एका बचतगटातून आम्हाला प्रश्न आलाय. "सासूबाईंना रात्र रात्र झोप नाही. कुणी म्हणतं भांगेची गोळी द्या, झाडपाल्याचीच तर आहे. द्यावी का?" आणि खाली, जरा बिचकत, आणखी एक ओळ. "रडणाऱ्या पोराला एवढीशी चालते का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही. कणभरही नाही. आता कारण सांगतो, आणि त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

झाड एकच. पाल्याला भांग म्हणतात, मादी झाडाच्या फुलोऱ्याला गांजा, त्याच्या चिकट राळेला चरस. वैद्य भांगेला विजया म्हणत आले. पोटाच्या दुखण्यावरच्या जातीफलादी चूर्णात जायफळाबरोबर ती असते. म्हणजे औषध म्हणून ती जुनीच, यात खोटं काही नाही. १८३९ साली कलकत्त्यात ओ'शॉनेसी नावाच्या डॉक्टरनं ती रोग्यांना देऊन पाहिली, आणि पुढं विलायतेतले डॉक्टरसुद्धा झोपेसाठी तिचा अर्क देऊ लागले.

आपल्याकडे तेव्हा गांजा सरकारी परवान्याच्या दुकानात मिळायचा. त्यावर सरकारला कर मिळायचा. या गांजाभांगेनं लोक वेडे होतात का, हे तपासायला १८९३ मध्ये सरकारनं आयोग नेमला. त्यानं देशभर फिरून ११९३ जणांच्या साक्षी घेतल्या. निष्कर्ष असा निघाला, की थोडी घेणाऱ्याला सहसा अपाय होत नाही, अति घेणाऱ्याला होतो. बंदी नको, कर आणि नियंत्रण ठेवा. आयोगात सात जण होते, सातही पुरुष. नशेत घरी येणाऱ्याची वाट बघणारीला काय वाटतं, ते त्यांच्यातल्या कुणाला अनुभवानं माहीत असणार?

पण डॉक्टरांनीच पुढं ते औषध सोडलं. कारण साधं होतं. एका बाटलीतला अर्क कडक, दुसऱ्या बाटलीतला पाणचट. मात्रा ठरेना. तोवर झोपेच्या नव्या गोळ्याही आल्या होत्या. १९३२ मध्ये ब्रिटनच्या अधिकृत औषधांच्या ग्रंथातून ते नाव गेलं.

ती अडचण आजही तशीच आहे. गोळी खाल्ली की तासभर, कधी दोन तास काही कळत नाही. माणूस म्हणतो लागली नाही, आणि दुसरी खातो. मग तोल जातो, छाती धडधडते. सुरुवातीला झोप येते हे खरं, पण शरीराला सवय झाली की जास्त लागते, आणि सोडली तर होती ती झोपही उडते. अंगावर पाजणारीनं घेतली तर ती दुधातून बाळाला जाते. शिवाय महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू आहे, आणि गांजा-चरसासाठी १९८५चा कडक कायदा आहे. तेव्हा सासूबाईंना आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. गुडघे ठणकतात का, साखरेमुळं लघवीला उठावं लागतं का, की टँकरच्या धास्तीनं डोळा लागत नाही? या तिन्हींवर भांग हा इलाज नाही.

आता पोराचं. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातल्या, घाटावरच्या बाया कामाला जायच्या. पोराला मागं कुणाकडे ठेवायचं? बाजारात बाळगोळी मिळायची. तिच्यात भांग नव्हे, अफू असायची. (आपल्या बाळगुटीशी घोळ करू नका, नावं सारखी वाटली तरी.) गोळी दिली की पोर दिवसभर निपचित. रडत नाही, आणि भूकही मागत नाही. १९२२ मध्ये सरकारनं नेमलेल्या डॉक्टर बार्न्स बाईंनी गिरणीतल्या बायांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्या १०० पोरांतल्या ९८ पोरांना अफू दिली जात असल्याचं त्यांनी लिहिलं. ९८! इतक्या आया काही दुष्ट नव्हत्या. भोंगा झाला की त्यांना खात्यात उभं राहावंच लागायचं.

मुंबई इलाख्यात १९२९ मध्ये बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. १९४८च्या कारखाने कायद्यानं ५० हून जास्त बाया असतील तिथं पाळणाघर सक्तीचं केलं. १९७६ मध्ये तो आकडा ३० वर आणला.

दिवाळीनंतर शहापूर-मुरबाडमधून किती जोडपी भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ते तुम्ही आमच्यापेक्षा जास्त जाणता. उचल नवऱ्याच्या नावावर असते. माती कालवणाऱ्या, विटा वाहणाऱ्या बाईचं नाव बहुतेक ठिकाणी कुठल्याच वहीत नसतं. मग बाया मोजणार कोण? पोर झोळीत, झोळी बाभळीला, आणि धुरळा सगळीकडे. ज्या ताईनं बिचकत ती दुसरी ओळ लिहिली, ती याच दिवसांत भट्टीवर होती. तिनं गोळी दिली नाही, आधी विचारलं. तिच्या गटातल्या बाया यंदा निघण्याआधी अंगणवाडीताईंना भेटून पोरांची नावं भट्टीजवळच्या अंगणवाडीत लावून घ्यायचं म्हणतायत. काय झालं, ते त्या परतल्यावर त्यांच्याच तोंडून ऐकू.