बारावा माणूस आणि ५,००० ओंडके: टेक्सास ए अँड एमच्या फुटबॉल परंपरांची गोष्ट

आजच्या भागात आपण फुटबॉलबद्दल बोलणार आहोत. थांबा, मेस्सी-रोनाल्डोवाला फुटबॉल नाही. अमेरिकन फुटबॉल. अंड्यासारखा लांबट चेंडू, डोक्यावर हेल्मेट, आणि चेंडू पायापेक्षा हातातच जास्त. त्यातही आपला विषय आहे कॉलेजचा फुटबॉल.

आता तुम्ही म्हणाल, कॉलेजच्या मॅचचा कसला आलाय इतिहास? तर एक आकडा ऐका. टेक्सास राज्यात कॉलेज स्टेशन नावाचं गाव आहे. हो, गावाचं नावच कॉलेज स्टेशन! तिथे टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटी आहे आणि तिच्या काइल फील्ड या स्टेडियमची क्षमता आहे १,०२,७३३. म्हणजे तीन वानखेडे भरतील एवढी माणसं येतात, ती कॉलेजातल्या पोरांचा खेळ बघायला. आपल्याकडून इंजिनिअरिंग करून एमएससाठी तिकडे जाणारे बरेच जण असतात. तुमच्या ओळखीत कोणी असेल, तर तो किंवा ती हल्ली 'हॅलो'च्या जागी 'हाउडी' म्हणते का बघा.

या टीमच्या परंपरा भन्नाट आहेत. पण त्यातल्या एका परंपरेने १२ जणांचा जीव घेतला. ते का झालं, हे आज समजून घ्यायचंय.

न खेळलेला खेळाडू

थोडी पार्श्वभूमी. ए अँड एम म्हणजे ॲग्रिकल्चरल अँड मेकॅनिकल. शेती आणि यंत्रविद्या शिकवणारं हे कॉलेज १८७६ मध्ये सुरू झालं. इथल्या विद्यार्थ्यांना आजही 'ॲगी' म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत शेतकीवाले. १९६३ पर्यंत इथे फक्त मुलगे शिकायचे आणि १९६५ पर्यंत लष्करी प्रशिक्षण सक्तीचं होतं. त्यामुळे इथल्या प्रत्येक परंपरेत एक फौजी शिस्त दिसते. रांगेत उभं राहणं, सीनिअरने सांगितलेलं ऐकणं, आणि एकट्याने काहीच न करणं.

सगळ्यात गाजलेली गोष्ट आहे २ जानेवारी १९२२ ची. डॅलसमध्ये मॅच होती, समोर सेंटर कॉलेजची टीम. नाव ऐकून साधी वाटेल, पण याच टीमने काही महिन्यांपूर्वी हार्वर्डला हरवलं होतं. मॅच सुरू झाली आणि ए अँड एमचे खेळाडू एकामागून एक जखमी व्हायला लागले. कोच डॅना बायबल यांच्या लक्षात आलं, की बाकावर आता फार कोणी उरलेलं नाही.

ई. किंग गिल नावाचा एक विद्यार्थी तेव्हा वर पत्रकारांच्या जागेत होता. तो आधी फुटबॉल टीममध्ये होता, नंतर बास्केटबॉलकडे गेला होता. त्या दिवशी तो पत्रकारांना खेळाडू ओळखायला मदत करत होता. कोचने त्याला खाली बोलावलं. गिलने एका जखमी खेळाडूचे कपडे अंगावर चढवले आणि मॅच संपेपर्यंत बाजूला तयारीत उभा राहिला.

गंमत अशी, की त्याला मैदानात उतरावंच लागलं नाही. ए अँड एमने मॅच २२-१४ अशी जिंकली. गिलने एकही चेंडू हातात घेतला नाही, तरी आज स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे. मैदानात ११ खेळाडू असतात, म्हणून तो झाला 'बारावा माणूस', ट्वेल्थ मॅन. आजही ए अँड एमचे विद्यार्थी पूर्ण मॅच उभे राहून बघतात. अर्थ असा, की बोलावणं आलं तर आम्ही तयार आहोत. या शब्दांचा त्यांनी १९९० मध्ये ट्रेडमार्कसुद्धा घेतला, आणि २००६ मध्ये सिएटल सीहॉक्स या व्यावसायिक टीमवर त्यावरून दावाही ठोकला!

अजून एक मजेशीर प्रथा. इथे चिअरलीडर नाहीत. मुलं आपल्यातून पाच 'येल लीडर' निवडून देतात, आणि घरच्या मैदानावरच्या मॅचच्या आदल्या मध्यरात्री स्टेडियममध्ये जमून घोषणांची रंगीत तालीम होते. सरावाला खेळाडू येतात हे आपल्याला माहितीये, इथे प्रेक्षक सरावाला येतात.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय, की इथे 'बघणारा' नावाचा प्रकारच नाही. प्रत्येक जण टीमचा भाग. ही भावना खूप सुंदर आहे. आणि पुढची गोष्ट याच भावनेतून घडली.

होळी मोठी होत गेली

ए अँड एमचा जुना प्रतिस्पर्धी म्हणजे ऑस्टिनची युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास. दोघांची पहिली मॅच १८९४ ची. या मॅचच्या आधी ए अँड एमची मुलं एक मोठी होळी पेटवायची, तिचं नाव बॉनफायर. १९०९ मध्ये कॅम्पसवर पहिली पेटली, तेव्हा तो कचरा आणि मोडक्या लाकडांचा ढीग होता. मग आपल्याकडे होळीला जे होतं तेच झालं. लाकूडफाटा कमी पडला की मिळेल ते उचलायचं. १९३५ मध्ये एका शेतकऱ्याने तक्रार केली, की पोरांनी त्याचं अख्खं धान्याचं कोठार उचलून नेलं. मग युनिव्हर्सिटीने विचार केला, की त्यापेक्षा आपणच कुऱ्हाडी, करवती आणि ट्रक देऊ.

तिथून ढिगाची होळी जाऊन बांधकामाची होळी आली. मुलं स्वतः जंगलात जाऊन झाडं तोडायची. मधे उंच खांब, त्याभोवती उभे ओंडके तारेने बांधायचे, त्यावर दुसरा थर, त्यावर तिसरा. लग्नाच्या केकसारखे सहा थर. सगळ्यात वर प्रतिस्पर्ध्याची टिंगल म्हणून नारिंगी रंगाचा लाकडी संडास! मध्यरात्रीनंतरही होळी उभी राहिली तर मॅच आपलीच, अशी समजूत होती.

१९६९ मध्ये ही होळी १०९ फुटांवर गेली. म्हणजे दहा मजली इमारत म्हणा ना! त्यानंतर युनिव्हर्सिटीने ५५ फुटांची मर्यादा घातली. १९६३ मध्ये मात्र रचलेली होळी पेटवलीच नाही, कारण त्याच आठवड्यात राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती. मुलांनी ती स्वतः उतरवली.

आता नीट ऐका. एवढं मोठं बांधकाम, पण त्याचा लेखी आराखडा नव्हता. कसं बांधायचं हे सीनिअर ज्युनिअरला सांगायचा, ज्युनिअर सीनिअर झाला की तो पुढच्याला. दर वर्षी थोडा बदल व्हायचा. कुणी वेग वाढवायचा, कुणी बांधायची पद्धत बदलायची. १९९४ मध्ये पावसानंतर रचलेली होळी एका बाजूला कलली. ती पाडली आणि मुलांनी काही दिवसांत नवी उभी केली. दोष दिला ओल्या जमिनीला. मागे उरली ती जिद्दीची गोष्ट, इशारा मात्र विरून गेला.

१८ नोव्हेंबर १९९९, पहाटे २:४२

त्या रात्री ५८ आजी-माजी विद्यार्थी रचाईवर काम करत होते. सुमारे ५,००० ओंडके, उंची ५९ फूट. म्हणजे ठरलेल्या मर्यादेपेक्षाही जास्त. आठवड्यावर मॅच आलेली. २ वाजून ४२ मिनिटांनी सगळी रचना कोसळली. १२ जण गेले, २७ जखमी झाले. गेलेल्यांत ११ विद्यार्थी होते आणि एक माजी विद्यार्थी.

खाली माणसं अडकलेली, त्यामुळे यंत्रं सरळ आत घालता येईनात. एक ओंडका चुकीचा हलला तर बाकीचे घसरणार. म्हणून बरेचसे ओंडके हातांनी हलवावे लागले. फुटबॉल टीमचे खेळाडू सराव सोडून आले आणि ओंडके उचलायला लागले. बारावा माणूस मैदानात यायला तयार असतो असं म्हणतात ना, त्या दिवशी मैदानातले अकरा जण बाहेर आले.

पुढे चौकशी आयोग नेमला गेला आणि मे २००० मध्ये अहवाल आला. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे सिस्टिम बंद पडली की नंतर 'पोस्टमॉर्टेम' लिहितात. कुणी केलं हे न विचारता, हे होऊ कसं शकलं, असं विचारायचं. हा अहवाल म्हणजे त्याचा नमुना आहे.

तांत्रिक कारणं दोन. पहिलं, दुसऱ्या थराचे ओंडके खालच्या थराच्या फटींमध्ये जोरात ठोकून बसवले होते. लाकूड फोडताना आपण पाचर मारतो, अगदी तसं. पाचर काय करते? बाहेरच्या बाजूला ढकलते. म्हणजे खालचा थर आतून फुटायला बघत होता. दुसरं, त्याला बाहेरून आवळून धरणारं बंधन पुरेसं नव्हतं. आधीच्या काही वर्षांत खालच्या थराला पोलादी केबल गुंडाळायचे, १९९९ मध्ये ती नव्हती. आतून ताण वाढला आणि बाहेरची पकड सैल झाली.

पण अहवाल तिथे थांबत नाही. मूळ कारण एका रात्रीतलं नव्हतं, अनेक वर्षांच्या निर्णयांमधलं होतं, असं तो सांगतो. इंजिनिअरिंगसाठी नावाजलेली युनिव्हर्सिटी, आणि तिच्या अंगणातल्या या रचनेची इंजिनिअरने आकडेमोड करून तपासणीच केली नव्हती. कारण सगळ्यांना ती 'परंपरा' दिसत होती, 'बांधकाम' दिसतच नव्हतं.

मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. केबल गुंडाळायची हे एका पिढीला माहीत असतं. ती कशासाठी गुंडाळायची, हे कुठे लिहिलेलं नसेल तर पुढची पिढी ती सहज वगळते. जुन्या कोडमध्ये असं होतं. एक ओळ बिनकामाची वाटते, आपण काढतो, आणि काही होत नाही. वर्षभर काही होत नाही. म्हणून आपण ठरवतो, की ती नकोच होती. बॉनफायरच्या मुलांकडे मेहनत होती, शिस्त होती, प्रेम होतं. 'का' हा प्रश्न मात्र पिढी बदलताना गळून गेला होता.

त्यानंतर

आठ दिवसांनी, २६ नोव्हेंबरला मॅच झाली. काइल फील्डवर. मध्यंतरात टेक्सासच्या बँडने, म्हणजे शत्रूपक्षाच्या बँडने, श्रद्धांजलीच्या धून वाजवल्या आणि डोक्यावरच्या टोप्या उतरवल्या. ज्यांच्या नावाने ९० वर्षं होळी पेटवली, तेच शोकात सामील झाले. पहिल्या अर्ध्या खेळात मागे असलेली ए अँड एम शेवटी २०-१६ अशी जिंकली.

होळी कॅम्पसवर पुन्हा पेटली नाही. त्या जागी २००४ मध्ये स्मारक उभं राहिलं. दगडांचं एक मोठं वर्तुळ, त्यात १२ दारं. प्रत्येक दार त्या त्या मुलाच्या किंवा मुलीच्या गावाच्या दिशेला तोंड करून आहे. आणि दारांना जोडणारे २७ दगड, जखमींसाठी.

काही विद्यार्थ्यांनी कॅम्पसबाहेर स्वतःची होळी सुरू ठेवली, पण रचना बदलून. आता प्रत्येक ओंडका जमिनीला टेकलेला असतो, एक थर दुसऱ्याच्या डोक्यावर उभा नसतो.

दरम्यान ए अँड एमने २०१२ मध्ये लीग बदलली आणि टेक्सासबरोबरची मॅचच बंद पडली. ती २०२४ मध्ये परत आली. टेक्सास १७-७ ने जिंकलं, पण ते असो. मॅच परत येणार म्हटल्यावर प्रश्न आला, की होळीही कॅम्पसवर परत आणायची का? एका समितीने सुचवलं, की आणायची तर व्यावसायिक इंजिनिअरने आराखडा करावा आणि कंत्राटदाराने ती बांधावी. युनिव्हर्सिटीच्या अध्यक्षांनी जून २०२४ मध्ये नकार दिला.

मला तो नकार पटतो. कंत्राटदाराने बांधलेली होळी सुरक्षित असेल, पण ती त्या मुलांची नसेल. या परंपरेचा जीव आगीत नव्हताच, हजारो पोरांनी रात्ररात्र जागून एकत्र काम करण्यात होता. आणि तो तिथे अजून आहे. ते मॅचभर उभे राहतात, मध्यरात्री घोषणा द्यायला जमतात. दर वर्षी १८ नोव्हेंबरच्या पहाटे २:४२ ला त्या दगडी वर्तुळात येतात आणि १२ नावं घेतात. बॉनफायर बंद झालं म्हणून कुणी कमी ॲगी झालं नाही.

तुमच्या कॉलेजात, मंडळात, गावात अशी काही परंपरा असेल जी सीनिअरकडून ज्युनिअरकडे तोंडी जाते, तर या वर्षी एक काम करा. 'हे असं का करतो?' असं सगळ्यात जुन्या माणसाला विचारा, आणि जे उत्तर येईल ते लिहून ठेवा. उत्तर आलंच नाही, तर तेही लिहून ठेवा.

आजच्यापुरतं एवढंच. भाग आवडला तर मित्रमैत्रिणींना पाठवा. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!