एक्झिट पोल म्हणजे काय? गावच्या निवडणुकीत त्यावर किती भरवसा ठेवायचा?

मतदान संपलं की पारावर आकडेमोड सुरू होते. व्हॉट्सअॅपवर 'आपल्या वॉर्डाचा एक्झिट पोल' फिरायला लागतो. निकाल उलटा लागला की मग 'मशीनमध्ये गडबड आहे' अशी चर्चा होते. म्हणून एक्झिट पोल काय सांगू शकतो आणि काय नाही, हे नीट समजून घ्यायला हवं.

एक्झिट पोल म्हणजे काय?
मत देऊन बाहेर आलेल्या मतदाराला 'कुणाला मत दिलं' असं विचारून काढलेला अंदाज म्हणजे एक्झिट पोल. मतदानाच्या आधी विचारलं तर तो ओपिनियन पोल. दोन्हींत मोजली जातात ती लोकांनी दिलेली उत्तरं. मशीनमधली मतं त्यात मोजलेली नसतात.

खात्रीचा एक्झिट पोल कसा ओळखायचा?
मतदार ठरलेल्या क्रमाने निवडलेले असावेत, उदाहरणार्थ दर दहावा. उत्तर तोंडी न घेता बिननावाच्या चिठ्ठीवर घेऊन डब्यात टाकलेलं असावं. किती जणांना विचारलं, किती जणांनी नकार दिला आणि पैसा कुणी दिला, हे जाहीर केलेलं असावं. यातलं काहीच नसेल तर तो नुसता फॉरवर्ड समजावा.

मोठ्या निवडणुकीतही अंदाज चुकतो
२०२४ च्या लोकसभेला १ जूनच्या बहुतेक एक्झिट पोलनी एनडीएला ३५० च्या पुढे जागा दिल्या होत्या. प्रत्यक्षात २९३ आल्या.

वॉर्डात तर फरक दोन-चार मतांचाच असतो. समजा ६०० मतदान झालं आणि निकाल ८ मतांनी लागला. शंभर जणांना विचारलं आणि त्यातले वीस जण बोललेच नाहीत, तर त्या वीस जणांच्या गप्प बसण्यातच निकाल दडलेला असतो. शिवाय भावकीतला माणूस समोर उभा असताना खरं कोण सांगणार? मत गुप्त ठेवणं हा मतदाराचा हक्क आहे. सांगण्यासाठी कुणी दबाव आणू नये.

कायदा काय म्हणतो?
लोकसभा-विधानसभेला लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६-अ लागू होतं. आयोगाने ठरवलेल्या मुदतीत एक्झिट पोल घेता येत नाही आणि पसरवताही येत नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोगाकडे असतात. डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांचं मतदान दोन टप्प्यांत झालं, तेव्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सगळे निकाल २१ डिसेंबरला लावायला सांगितले आणि २० तारखेचं मतदान संपेपर्यंत एक्झिट पोलला मनाई केली.

मारकडवाडीत काय झालं?
माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीत विधानसभेला उत्तम जानकर यांना ८४३ आणि राम सातपुते यांना १००३ मतं दाखवली. मतदारसंघात जानकर जिंकले, पण गावातला आकडा त्यांच्या समर्थकांना पटला नाही. त्यांनी ३ डिसेंबर २०२४ ला स्वतःच मतपत्रिकेवर मतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनाने जमावबंदी लावली आणि मतदान रद्द झालं. शंका होती तिथेच राहिली.

निकाल बदलला तो फेरमोजणीने
हरियाणात पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू गावात २ नोव्हेंबर २०२२ ला सरपंचाची निवडणूक झाली. हरलेला उमेदवार कोर्टात गेला. सुप्रीम कोर्टाने मशीन मागवून आपल्याच आवारात, व्हिडिओ चित्रीकरणात मतं मोजून घेतली. त्याला १०५१ मतं निघाली, आधी विजयी ठरलेल्याला १०००. ऑगस्ट २०२५ मध्ये निकाल फिरला. पावणेतीन वर्षं लागली, पण शंका कायमची मिटली. पारावरच्या कितीही आकडेमोडीने हे झालं नसतं.

शंका असेल तर काय करायचं?
- स्थानिक निवडणुकीत व्हीव्हीपॅटची चिठ्ठी नसते, त्यामुळे उमेदवाराचा प्रतिनिधी जागरूक हवा.
- सकाळच्या अभिरूप मतदानाला (मॉक पोल) हजर राहा. ती मतं पुसली का, ते बघा.
- मशीनचा आणि सीलचा नंबर वहीत लिहून ठेवा.
- मतदान संपल्यावर केंद्राध्यक्षांकडून एकूण मतदानाचा आकडा घ्या. मोजणीच्या दिवशी तो मशीनच्या आकड्याशी जुळवा.
- आकडा जुळत नसेल तर निकाल जाहीर होण्याआधीच लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.
- ग्रामपंचायतीच्या निकालावर १५ दिवसांत दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) यांच्याकडे अर्ज करता येतो. मुदत गेली की हक्क गेला.

एक्झिट पोलने फार तर प्रश्न उभा राहतो. कोर्टात उपयोगी पडतो तो सही-शिक्क्याचा कागद, आणि तो मतदानाच्या दिवशीच हातात घ्यावा लागतो.