युवा ऑलिंपिक स्पर्धा

युवा ऑलिंपिक स्पर्धा ही आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीतर्फे भरवली जाणारी बहुक्रीडा स्पर्धा आहे. साधारणतः १४ ते १८ वर्षे वयोगटातील खेळाडू तीत भाग घेतात. ऑलिंपिकप्रमाणेच तिचे उन्हाळी व हिवाळी असे दोन प्रकार आहेत. पहिली उन्हाळी स्पर्धा २०१० मध्ये सिंगापूर येथे, तर पहिली हिवाळी स्पर्धा २०१२ मध्ये ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे झाली.

इतिहास

तरुणांसाठी स्वतंत्र ऑलिंपिक असावे, ही कल्पना ऑस्ट्रियातील उद्योग-व्यवस्थापक योहान रोझेनत्सोफ यांनी १९९८ मध्ये मांडली. मुलांमधील वाढता लठ्ठपणा आणि खेळांतील त्यांचा घटता सहभाग ही त्यामागची पार्श्वभूमी होती. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे तत्कालीन अध्यक्ष जाक रोग यांनी या कल्पनेचा पुरस्कार केला. ५ जुलै २००७ रोजी ग्वातेमाला सिटी येथील ११९ व्या अधिवेशनात समितीने स्पर्धेला मंजुरी दिली.

पहिली स्पर्धा १४ ते २६ ऑगस्ट २०१० या काळात पार पडली. तीत २६ खेळांमध्ये सुमारे ३,६०० खेळाडू उतरले. स्पर्धेचे पहिले सुवर्णपदक जपानच्या युका सातो हिने ट्रायथलॉनमध्ये मिळवले.

स्वरूप

स्पर्धेत पदके दिली जात असली, तरी केवळ पदके मिळवणे हा तिचा हेतू नाही. खेळाडूंसाठी सांस्कृतिक व शैक्षणिक उपक्रम आखले जातात. उत्तेजक द्रव्यांचे धोके, दुखापती टाळणे, आहार आणि खेळ व शिक्षण यांचा मेळ हे त्यांतील विषय असतात. अनेक खेळांत वेगवेगळ्या देशांतील मुलामुलींचे मिश्र संघ तयार केले जातात. अशा संघाने जिंकलेले पदक कोणत्याही एका देशाच्या नावावर मोजले जात नाही.

नव्या क्रीडाप्रकारांची चाचणी घेण्यासाठीही या स्पर्धेचा उपयोग होतो. तीन विरुद्ध तीन बास्केटबॉल हा प्रकार २०१० मध्ये येथे खेळला गेला व २०२० च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये समाविष्ट झाला. ब्रेकिंग हा नृत्यप्रधान प्रकार २०१८ मध्ये येथे आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये आला. २०१८ ची बुएनोस आइरेस स्पर्धा ही मुले व मुली यांची संख्या समान असलेली पहिली ऑलिंपिक स्पर्धा ठरली. तिचा उद्घाटन सोहळा स्टेडियमऐवजी शहरातील ओबेलिस्को स्मारकापाशी भर रस्त्यावर झाला.

आतापर्यंतच्या व नियोजित स्पर्धा

*उन्हाळी*
- २०१० – सिंगापूर
- २०१४ – नानजिंग, चीन
- २०१८ – बुएनोस आइरेस, आर्जेन्टिना
- २०२६ – डाकार, सेनेगाल

*हिवाळी*
- २०१२ – इन्सब्रुक, ऑस्ट्रिया
- २०१६ – लिलहामर, नॉर्वे
- २०२० – लोझान, स्वित्झर्लंड
- २०२४ – गँगवॉन, दक्षिण कोरिया
- २०२८ – डोलोमिती-वाल्तेलिना, इटली

डाकारची स्पर्धा मूळची २०२२ ची होती. कोविड-१९ महासाथीमुळे ती चार वर्षे पुढे ढकलण्यात आली. आफ्रिका खंडाला यजमानपद मिळालेली ही पहिली ऑलिंपिक स्पर्धा होय.

भारताची कामगिरी

सिंगापूर येथे भारताने ६ रौप्य व २ कांस्य अशी ८ पदके मिळवली. टेनिसपटू युकी भांबरी, बॅडमिंटनपटू एच. एस. प्रणॉय, मुष्टियोद्धा शिव थापा व कुस्तीपटू पूजा धांडा हे रौप्यपदक विजेत्यांपैकी होते. नानजिंग येथे भारोत्तोलनात वेंकट राहुल रागाला याला रौप्य, तर तिरंदाजीत अतुल वर्मा याला कांस्यपदक मिळाले.

बुएनोस आइरेस येथे भारताने ३ सुवर्ण, ९ रौप्य व १ कांस्य अशी १३ पदके जिंकली. महाराष्ट्राचा नेमबाज तुषार माने याने १० मीटर एअर रायफल प्रकारात रौप्यपदक मिळवून भारताचे पदकांचे खाते उघडले. भारोत्तोलनातील ६२ किलो वजनी गटात जेरेमी लालरिनुंगा याने मिळवलेले सुवर्ण हे या स्पर्धेच्या इतिहासातील भारताचे पहिले सुवर्णपदक होय. १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात मनू भाकर व सौरभ चौधरी यांनी सुवर्णपदके पटकावली. मनू भाकरने ताजिकिस्तानच्या नेमबाजासह मिश्र संघाचे रौप्यही जिंकले. ते वरील १३ पदकांत धरलेले नाही. ज्युडोपटू थांगजाम तबाबी देवी हिला रौप्यपदक मिळाले. पुढे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने दोन कांस्यपदके मिळवली.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे १४१ वे अधिवेशन झाले. त्या वेळी भारताने युवा ऑलिंपिकचे यजमानपद भूषवण्याची इच्छा जाहीर केली.

टीका

स्पर्धेवरील मुख्य आक्षेप खर्चाचे आहेत. सिंगापूरचा मूळ अंदाज सुमारे १०.४ कोटी सिंगापूर डॉलरचा होता. प्रत्यक्ष अंदाजपत्रक ३८.७ कोटींपर्यंत गेले. त्यामुळे शक्यतो अस्तित्वात असलेलीच क्रीडासंकुले वापरावीत, या तत्त्वावर पुढे भर देण्यात आला. लिलहामर व गँगवॉन येथे पूर्वीच्या हिवाळी ऑलिंपिकची मैदाने वापरली गेली, तर लोझानच्या काही शर्यती शेजारील फ्रान्समध्ये घेण्यात आल्या.

दुसरा आक्षेप खेळाडूंच्या वयाविषयी आहे. कोवळ्या वयात जागतिक पातळीवरील स्पर्धेचा ताण मुलांवर पडतो, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. पुढे मोठ्या ऑलिंपिकमध्ये यशस्वी झालेल्या खेळाडूंची उदाहरणे समर्थक देतात. दक्षिण आफ्रिकेचा जलतरणपटू चॅड ले क्लो हा सिंगापूरला चमकल्यानंतर दोनच वर्षांनी, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये २०० मीटर बटरफ्लाय शर्यतीत मायकेल फेल्प्सला मागे टाकून सुवर्णपदक विजेता ठरला.