बंद परीक्षेतली उघडी खिडकी: परवानगीच्या यादीचा छोटा इतिहास

पेट, नेट, सेटची तयारी करताना एक प्रश्न बहुतेकांना पडतो. संशोधन करताना ग्रंथालय, डेटाबेस, शब्दकोश सगळं हाताशी असतं. मग त्याच संशोधनाच्या प्रवेश परीक्षेत पडद्यावर प्रश्नांशिवाय दुसरं काहीच का उघडत नाही? आणि उघडायचं ठरवलंच, तर नेमकं काय उघडायचं? आज हा प्रश्न इतिहासाच्या बाजूने बघू.

सुरुवात इंटरनेटच्या खूप आधी होते. चीनमध्ये सोंग राजवटीत (९६० ते १२७९) सरकारी सेवेच्या परीक्षेला पुस्तक लपवून नेणं हा गुन्हा होता. पण एका पुस्तकाला मुभा होती: यमकांचा अधिकृत कोश. परीक्षेत पद्यरचना करावी लागे आणि कोणता शब्द कोणत्या यमकगटात बसतो हे त्या कोशावरून ठरे. म्हणजे परीक्षकांनी एक फरक केला होता. रचना उमेदवाराची स्वतःची हवी. यमकांची यादी पाठ असलीच पाहिजे असं नाही.

हा फरक लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा पुन्हा भेटतो. अमेरिकेच्या सॅट परीक्षेत १९९४ पासून गणितासाठी कॅल्क्युलेटर चालू लागला. आपल्याकडे गेटला स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही, पण पडद्यावर व्हर्च्युअल कॅल्क्युलेटर मिळतो. साधनाला परवानगी आहे, फक्त त्याचा ताबा परीक्षा घेणाऱ्याकडे आहे.

इंटरनेट आलं आणि अडचण वाढली. कोश किंवा कॅल्क्युलेटर उमेदवाराचा निरोप बाहेर नेत नाही. वेबसाइट नेऊ शकते. तिच्या पलीकडे एखादा माणूस बसलेला असू शकतो. या अडचणीतून युरोपात तीन वेगळ्या वाटा निघाल्या.

पहिली वाट डेन्मार्कची. २००९ मध्ये तिथल्या काही उच्च माध्यमिक शाळांनी अंतिम परीक्षेत इंटरनेट खुलं करून बघितलं. कुठलीही साइट बघा, पण कोणाशी संपर्क साधायचा नाही, असा नियम. तर्क सरळ होता: रोजच्या अभ्यासात इंटरनेट आहे, मग परीक्षेत का नको? प्रश्नही तसेच हवेत, माहिती शोधून तिचा अर्थ लावायला लावणारे. पण संपर्क झाला की नाही हे बघायचं कसं? मोठा भार विद्यार्थ्यांवरच्या विश्वासावर होता. पुढे नियम आवळले गेले. २०१९ मध्ये सरकारने विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या लॅपटॉपवर परीक्षेपुरता चालणारा देखरेखीचा प्रोग्राम आणला. खासगीपणाच्या मुद्द्यावर इतकी टीका झाली की तो मागे घ्यावा लागला. थोडक्यात, दार उघडं ठेवायचं तर पहारा वाढतो, आणि पहाऱ्याचीही किंमत असते.

दुसरी वाट फिनलंडची. तिथली १८५२ पासून चालत आलेली शालान्त परीक्षा २०१६ ते २०१९ या काळात टप्प्याटप्प्याने कॉम्प्युटरवर गेली. त्या व्यवस्थेत विद्यार्थी आपला लॅपटॉप यूएसबी स्टिकवरून सुरू करत असे. त्यावर परीक्षेसाठी बनवलेली लिनक्स प्रणाली असे. ती शाळेतल्या सर्व्हरशी जोडली जाई, बाहेरच्या इंटरनेटशी नाही. पण आत ऑफिसचे प्रोग्राम, जिओजेब्रा, सूत्रांचे तक्ते असत. प्रश्नासोबत नकाशे, व्हिडिओ, आकडेवारीही देता येई. बाहेर जायचं नाही, लागेल ते आत आणून ठेवायचं.

तिसरी वाट या दोन्हींच्या मधली. स्वित्झर्लंडमधल्या ईटीएच झुरिकमध्ये सेफ एक्झाम ब्राउझर हा मुक्त स्रोत प्रोग्राम तयार झाला. तो परीक्षेपुरता कॉम्प्युटर कुलूपबंद करतो, पण त्यात पत्त्यांची गाळणी लावता येते: अमुक साइट चालेल, तमुक नाही. २०२० मध्ये मूडलच्या ३.९ आवृत्तीपासून ही सेटिंग्ज थेट मूडलमधूनच करता येऊ लागली.

ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात एक पत्ता मोकळा केला की त्याच्या मागे बरंच काही येतं. पानाची चित्रं आणि स्क्रिप्ट दुसऱ्याच पत्त्यावरून येतात. ते पत्ते बंद असतील तर पान अर्धवट दिसतं. ते मोकळे करायला सगळ्यांना परवानगी दिली, तर गाळणीला भोकं पडतात. एखाद्या साइटवर चर्चेचा चौकोन असतो, म्हणजे निरोप पाठवायची सोय झाली. भाषांतराच्या साइटमधून दुसरं पान उघडता येतं. म्हणून नियम पूर्ण डोमेनचा करायचा की एकाच पानाचा, हा फक्त तांत्रिक प्रश्न राहत नाही. आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून साइट फक्त संदर्भ देईल, उत्तर लिहून देणार नाही, हे गृहीतकही डळमळलं आहे.

आता संशोधनाच्या दृष्टीने यात आपल्यासाठी काय? परवानगीची यादी हा इतिहासाचा चांगला दस्तऐवज आहे. अभ्यासक्रमात उद्दिष्टं मोठमोठी लिहिलेली असतात: चिकित्सक विचार, स्वतंत्र आकलन वगैरे. पण परीक्षेत काय नेता येतं हे वाचलं की संस्था खरोखर काय मोजते ते कळतं. कोश चालतो म्हणजे शब्दांचं पाठांतर मोजायचं नाही. काहीच चालत नाही म्हणजे स्मरणाला भाव आहे, उद्दिष्टात काहीही लिहिलेलं असो.

उलट दिशेनेही जपून राहायला हवं. साइट मोकळी केली म्हणजे परीक्षा आपोआप चांगली झाली असं नाही. प्रश्न जर ‘अमुक कायदा कोणत्या साली झाला’ असाच असेल, तर उघड्या साइटमुळे फक्त टायपिंगचा वेग मोजला जाईल. शिवाय ज्याच्याकडे नेट संथ, त्याचा वेळ पान उघडण्यातच जाईल. म्हणजे प्रश्नपत्रिका, परवानगीची यादी आणि जोडणी या तिन्ही गोष्टी एकत्र वाचाव्या लागतात. एकीवरून निष्कर्ष काढला की फसगत होते.

ज्यांना शिक्षणाच्या इतिहासावर काम करायचंय, त्यांनी एक करून बघा. आपल्या विषयाच्या जुन्या प्रश्नपत्रिका मिळवा आणि प्रश्न वाचण्याआधी वरच्या सूचना वाचा. लॉग टेबल मिळेल, कॅल्क्युलेटर चालणार नाही, कायद्याची मूळ प्रत वापरता येईल, अशा ओळी वर्षावार मांडा. ओळ कधी बदलली ते सापडलं, की ती का बदलली हा तुमचा संशोधन प्रश्न.