अजानवृक्षाची मुळी

हाताबाहेर गेलेल्या झाडाची मराठीतली बहुधा सर्वांत प्रसिद्ध गोष्ट आळंदीची आहे. ज्ञानेश्वरांनी शके 1218 मध्ये, म्हणजे 1296 साली, संजीवन समाधी घेतली. पुढे जवळपास तीनशे वर्षांनी पैठणला एकनाथांचा घसा दुखू लागला. ज्ञानेश्वर स्वप्नात आले: अजानवृक्षाची मुळी माझ्या कंठाला लागली आहे, येऊन काढ. नाथ आळंदीला आले, समाधीपाशी पोचले, मुळी दूर केली.

आख्यायिकाच ही. पण तिच्यातलं बागकाम चोख आहे. अजानवृक्ष पूज्य, समाधीही पूज्य. नाथांनी झाड राखलं आणि नडणारी मुळी तेवढी काढली. अंगणाच्या भिंतीत रुजलेला पिंपळ ज्यांनी वरवर छाटला असेल (आणि पिंपळ तोडायला आपल्याकडे हात धजत नाही), त्यांना ठाऊक असतं, पावसाळ्यात तो पुन्हा फुटतो. काम मुळाशीच करावं लागतं.

शके 1506 मध्ये, 1584 साली, नाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. नकला होता होता पाठात माजलेलं तण त्यांनी निंदलं, आणि पुढे कुणी यात आपली ओवी घुसवू नये अशी तंबीही शेवटी लिहून ठेवली. मला ही त्याच खुरप्याची दुसरी खेप वाटते.

अजानवृक्ष म्हणजे वनस्पतिशास्त्रातला एरेशिया लेव्हिस, म्हणजेच दातरंग. समाधीमंदिराच्या आवारात त्याच्या सावलीत आजही लोक ज्ञानेश्वरी उघडून बसलेले असतात.