भिंतीतली तार कोणाची?

काही महिन्यांपूर्वी माझ्या ओळखीच्या एका शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंचा फोन आला. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने मुख्याध्यापकांच्या खोलीत एक पांढरा डबा बसवून दिला होता. त्याचे वायफाय इमारतीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या संगणक-खोलीपर्यंत पोचत नव्हते. म्हणून शाळेने स्वतःच्या पैशाने एक चांगला राउटर आणला, लांब केबल ओढली आणि तो राउटर त्या डब्याच्या मागे जोडला. पहिल्या दिवशी इंटरनेट आलेच नाही. दोन दिवसांच्या खटपटीनंतर आले, पण कार्यालयातल्या क्लार्कच्या संगणकाला संगणक-खोलीतला प्रिंटर दिसेना. बाईंनी कंपनीला विनंती केली की तुमच्या डब्यातले राउटरचे काम बंद करून द्या, ते आमचा राउटर करील. उत्तर मिळाले, "आमच्या उपकरणात बदल करता येणार नाही." बाईंचा मला प्रश्न होता, "प्रिंटरचे राहू द्या सर, पण हे ठरवण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला?"

प्रिंटरचे उत्तर सोपे आहे, ते पुढे येईलच. दुसऱ्या प्रश्नामागे मात्र मोठा इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात संगणकापासून नव्हे, तर टेलिफोनच्या तोंडाशी लावायच्या एका कपापासून होते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील बहुतेक टेलिफोन एटी अँड टी या एकाच कंपनीच्या हाती होते. तारा तिच्या, केंद्रे तिची आणि घराघरातले फोनही तिचेच. ग्राहक फोन विकत घेत नसे, दरमहा भाडे देई. कंपनीच्या नियमावलीत एक कलम होते : कंपनीने न दिलेली कोणतीही वस्तू तिच्या यंत्रणेला जोडता येणार नाही. अशा वस्तूंना 'परकी जोडणी' म्हणत. कारण असे दिले जाई की बाहेरचे सदोष उपकरण जोडले तर तारेत नको तितका विद्युतदाब शिरेल, खांबावर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसेल, शेजाऱ्यांच्या संभाषणात खरखर होईल. हे कारण अगदीच खोटे नव्हते. पण त्याच्या आडोशाने काय काय अडवले गेले ते पाहण्यासारखे आहे.

'हश-अ-फोन' नावाची एक वस्तू १९२१ पासून बाजारात होती. फोनच्या ज्या भागात आपण बोलतो त्यावर बसवायचा तो एक कपासारखा आडोसा. त्यात तोंड घालून बोलले की शेजारच्या टेबलावरच्या माणसाला आपले बोलणे ऐकू जात नसे. विजेचा कोठेही संबंध नाही. अशा सव्वा लाखाच्या आसपास वस्तू विकल्या गेल्या होत्या. तरीही कंपनीने ही 'परकी जोडणी' ठरवली. हश-अ-फोनचा मालक हॅरी टटल याने १९४८ मध्ये एफसीसीकडे, म्हणजे तेथील दळणवळण नियामक आयोगाकडे, तक्रार नेली. आयोगाने सात वर्षे विचार करून १९५५ च्या डिसेंबरात निकाल दिला तो कंपनीच्या बाजूने : या वस्तूमुळे पलीकडच्या माणसाला आवाज थोडा बदललेला ऐकू येतो, म्हणून ती सेवेला हानिकारक!

टटल न्यायालयात गेला. नोव्हेंबर १९५६ मध्ये अपील न्यायालयाने आयोगाचा निर्णय फिरवला. न्यायाधीशांचा मुद्दा शाळेतल्या मुलालाही पटेल असा होता. फोनवर बोलताना माणूस तोंडाभोवती हाताची ओंजळ धरू शकतो, त्याला कोणी अडवत नाही. मग तेच काम करून हात मोकळा ठेवणारी वस्तू कशी अडवता येईल? ज्या वापराने ग्राहकाचा फायदा होतो आणि इतरांचे नुकसान होत नाही, तो वापर करण्याचा त्याला हक्क आहे, असे तत्त्व त्यातून पुढे आले.

या खटल्यातली दोन माणसे लक्षात ठेवा. हश-अ-फोनचा सुधारलेला नमुना तयार केला होता लिओ बेरानेक या ध्वनिशास्त्रज्ञाने, आणि त्याच्या बाजूने साक्ष देणाऱ्यांत जे. सी. आर. लिकलायडर हा श्रवणक्रियेचा अभ्यासक होता. ही माणसे पुढे पुन्हा भेटतील, आणि एका कपापेक्षा बऱ्याच मोठ्या कामात.

कार्टरचा पाळणा

टेक्सासमध्ये टॉमस कार्टर नावाचा एक उद्योजक होता. तेलविहिरींवर आणि मोठमोठ्या कुरणांवर काम करणाऱ्या लोकांजवळ दुहेरी रेडिओ असत, पण फोन नसत. कार्टरने एक पाळणा तयार केला. रेडिओ केंद्रावरचा माणूस फोनचा रिसीव्हर त्यात ठेवी. मग फोनमधला आवाज ऐकून पाळणा रेडिओ चालू करी आणि रेडिओवरून आलेला आवाज फोनला ऐकवी. येथेही तारेला तार जोडलेली नव्हती, मध्ये फक्त हवा होती. १९५९ ते १९६६ या काळात सुमारे साडेतीन हजार 'कार्टरफोन' विकले गेले. टेलिफोन कंपन्यांनी ग्राहकांना फोन तोडण्याच्या धमक्या दिल्या. कार्टर न्यायालयात गेला, तेथून प्रकरण आयोगाकडे आले, आणि २६ जून १९६८ रोजी आयोगाने परक्या जोडणीवरची सरसकट बंदीच रद्द केली. हानी होते असे कोणाला म्हणायचे असेल तर ती त्याने दाखवून द्यावी.

येथे गोष्ट संपायला हवी होती. पण कंपनीने नवी अट घातली : तुमचे उपकरण जोडा, पण थेट नाही. आमच्या तारेला आधी आमचा एक 'संरक्षक' डबा लागेल, त्याच्यामागे तुमचे यंत्र. त्या डब्याचे मासिक भाडे अर्थातच तुम्ही द्यायचे. म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या पांढऱ्या डब्याचा आजोबा १९६९ साली जन्माला आला होता!

१९७० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने या प्रश्नाचा अहवाल दिला. मला तो फार समतोल वाटतो. अनियंत्रित जोडणीने नुकसान होऊ शकते हे समितीने मान्य केले. पण त्यावर उपाय म्हणून उपकरणांसाठी मानके ठरवून त्यांची तपासणी करणे शक्य आहे, असेही सांगितले. याच वाटेने आयोगाने १९७५ मध्ये नियम केले. प्रमाणित उपकरण कोणाचेही असो, ते थेट भिंतीतल्या सॉकेटात लावता येईल. कंपन्या न्यायालयात हरल्यावर हे नियम खऱ्या अर्थाने लागू झाले. आपल्याकडेही टेलिफोनच्या तारेच्या टोकाला जी छोटी पारदर्शक चौकोनी खटकी असते, तिचा प्रसार या नियमांमुळे झाला.

याचा संगणकाशी काय संबंध? तोपर्यंत संगणकाला फोनवरून बोलायचे तर कार्टरसारखाच पाळणा वापरावा लागे. मोडेम शिट्टीसारखे स्वर काढी आणि ते रिसीव्हरला ऐकवले जात. वेग साधारणपणे सेकंदाला ३०० बिट. विद्यार्थ्यांना गणित घालून पाहा : २,००० इंग्रजी अक्षरांचे एक पान, प्रत्येक अक्षराला सुरुवात-शेवटाच्या खुणांसह १० बिट, म्हणजे एका पानाला एक मिनिटाहून अधिक. तेवढ्यात खोलीत कोणी जोरात शिंकले तर अक्षरे चुकत. थेट जोडणीला परवानगी मिळाल्यावरच १९८१ मध्ये हेज कंपनीचा 'स्मार्टमोडेम' येऊ शकला. तो स्वतः नंबर फिरवी, स्वतः फोन उचली.

पश्चिम जर्मनीत हे स्वातंत्र्य बरेच उशिरा आले. तेथे टपाल खात्याचीच मक्तेदारी होती आणि स्वतःचा मोडेम जोडणे बेकायदा होते. मग हँबर्गच्या संगणकवेड्या तरुणांनी १९८५ च्या सुमारास घरी करता येईल असा पाळणा तयार केला. रिसीव्हर घट्ट बसण्यासाठी त्यांनी संडासाच्या नळजोडणीत वापरतात ती रबरी कडी घेतली, आणि यंत्राला नावही त्यावरूनच दिले. वर्गात हे सांगितले की मुले हसतात, आणि ध्वनीचे पृथक्करण मात्र कायमचे लक्षात ठेवतात.

राउटर येतो

आता त्या दोन माणसांकडे वळू. बेरानेकने १९४८ मध्ये आपल्या सहकाऱ्याबरोबर एक सल्लागार संस्था काढली, तीच पुढे बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन म्हणून प्रसिद्ध झाली. लिकलायडर १९५७ मध्ये तेथे गेला आणि १९६२ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या 'अर्पा' या संशोधन संस्थेत संगणक विभागाचा प्रमुख झाला. दूरदूरचे संगणक एकमेकांना जोडण्याची कल्पना त्याने तेथे रुजवली. ते जाळे, म्हणजे अर्पानेट, उभारण्याचे कंत्राट बेरानेकच्या संस्थेला मिळाले. १९६९ मध्ये तिने लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात कपाटाएवढे जे यंत्र बसवले, ते आजच्या राउटरचा पूर्वज. विद्यापीठाचा स्वतःचा संगणक त्याच्यामागे जोडला गेला. सीमारेषा येथेही होती, पण ती दोन्ही बाजूंना माहीत असलेल्या, लिहून प्रसिद्ध केलेल्या मानकाने आखलेली होती.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाकडून. तेव्हा एक मोडेम, एक संगणक आणि एक पत्ता एवढाच कारभार होता. घरात राउटरची गरज पडली ती पत्ते अपुरे पडू लागल्यावर. इंटरनेटचा जुना पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण पत्ते २ चा ३२ वा घात, सुमारे ४२९ कोटी. यावर तात्पुरता उपाय म्हणून १९९४ मध्ये एगेव्हांग आणि फ्रान्सिस यांनी पत्ते बदलण्याची युक्ती प्रसिद्ध केली. तिला नॅट म्हणतात. तात्पुरता उपाय तीस वर्षांनंतरही चालूच आहे.

नॅट समजायला शाळेच्या कार्यालयातली आवक-जावक नोंदवही पुरेशी आहे. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर क्लार्क शाळेचा पत्ता आणि जावक क्रमांक घालतो. उत्तर त्या क्रमांकाच्या संदर्भाने आले की नोंदवही पाहून ते योग्य शिक्षकाकडे पोचवतो. ज्या पत्राला संदर्भच नाही ते कोणाला द्यायचे हे त्याला कळत नाही, म्हणून ते टाकून दिले जाते. आत १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते कोणीही वापरावेत, कारण ते शाळेच्या दाराबाहेर जातच नाहीत.

बाईंच्या शाळेत नेमके असे दोन क्लार्क एकामागे एक बसले होते. कंपनीचा डबा नॅट करीत होता आणि त्याच्यामागचा राउटरही. पहिल्या दिवशी दोघेही १९२.१६८.१.१ हाच आपला पत्ता सांगत होते. राउटरला आतली आणि बाहेरची बाजू एकाच मालिकेतली दिसली, आणि कोणते पत्र कोठे पाठवायचे ते त्याला ठरवता येईना. आतली मालिका १९२.१६८.२ केल्यावर इंटरनेट सुरू झाले. पण कार्यालयातला संगणक पहिल्या क्लार्कच्या अंगणात आणि प्रिंटर दुसऱ्याच्या बंद दाराआड. कार्यालयाकडून निघालेले छपाईचे काम आतल्या क्लार्कच्या दृष्टीने बिनसंदर्भाचे पत्र होते.

उपाय दोन. कंपनीच्या डब्याने फक्त पूल व्हायचे, म्हणजे तारेवरचा संदेश जसाच्या तसा पुढे द्यायचा, आणि नॅट, संरक्षण, वायफाय सगळे आपल्या राउटरने करायचे. हा उत्तम उपाय. पण त्यासाठी कंपनीने डब्यातली सोय खुली करायला हवी आणि अनेकदा जोडणीचे नाव आणि पासवर्डही द्यायला हवा. दुसरा उपाय आपल्या हातातला. राउटरला केवळ वायफायचे केंद्र म्हणून ठेवायचे. केबल त्याच्या बाहेरच्या भोकातून काढून आतल्या चारांपैकी एकात लावायची, त्याचे पत्ते वाटण्याचे काम बंद करायचे आणि त्याला पहिल्याच मालिकेतला एक मोकळा पत्ता द्यायचा. एकच क्लार्क उरतो, पण तो कंपनीचा.

रेषा कोठे आखायची

जर्मनीत हाच वाद पुन्हा पेटला तेव्हा तेथील कायदेमंडळाने रेषा स्पष्ट आखली. १ ऑगस्ट २०१६ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार कंपनीचे जाळे भिंतीतल्या सॉकेटाशी संपते. त्यापुढचा मोडेम, राउटर सगळे ग्राहकाच्या निवडीचे, आणि जोडणीचा पासवर्ड कंपनीने न मागता द्यायचा. अमेरिकेत तर काही कंपन्या स्वतःचा राउटर वापरणाऱ्यांकडूनही राउटरचे भाडे घेत होत्या. ते थांबवायला २०१९ मध्ये वेगळा कायदा करावा लागला.

आपल्याकडे १८८५ च्या तार कायद्याने तारयंत्रणेवर सरकारचा एकाधिकार सांगितला होता. २०२३ साली त्याच्या जागी नवा दूरसंचार कायदा संमत झाला. २०१७ च्या दुरुस्तीने उपकरणांची सक्तीची तपासणी आणली, म्हणजे १९७० च्या त्या अहवालातला अर्धा भाग आपण घेतला आहे.

कंपन्यांची बाजू आज पूर्वीइतकी पोकळ नाही, हेही सांगायला हवे. काचतंतूच्या जोडणीत एकाच तंतूवर अनेक घरे असतात आणि प्रत्येक घराच्या डब्यातल्या लेसरने आपली पाळी आली तरच चमकायचे असते. एखादा बिघडलेला डबा सतत चमकत राहिला तर बाकीच्या सगळ्यांचे बोलणे बुडते. येथे मध्ये हवा नाही, ओंजळीचा दाखला चालत नाही. मात्र हा युक्तिवाद प्रकाशाचे विजेत रूपांतर करणाऱ्या भागापुरताच खरा आहे. त्याच डब्यात शेजारी बसवलेल्या नॅट आणि वायफायला तो लागू पडत नाही, कारण त्यांच्या चुकीचा त्रास झालाच तर घरच्यांनाच होतो.

बाईंनी सध्या दुसरा उपाय केला आहे आणि प्रिंटर चालतो आहे. पहिल्या उपायासाठी शाळेच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक घालून, त्यांनी कंपनीला अर्ज पाठवला आहे. उत्तर अजून यायचे आहे.